गाडी पंधराची झाली, आता काय?

ईएमआय संपून वर्षं झाली, गाडी अजून धावतेय, पण आरसी बुकावरची तारीख जवळ आलीय. ठेवायची, विकायची, की स्वस्तातली दुसरी बघायची? बोरिवली ते सायवन या वाटेवरचा एक खराखुरा हिशेब.

'माझी गाडी पंधरा वर्षांची आहे,' असं ऑफिसच्या कँटीनमध्ये नुसतं बोलून बघा. टेबलावर लगेच दोन पक्ष तयार होतात. पहिला पक्ष म्हणतो, 'अजून तीच? काढून टाक गं!' दुसरा पक्ष म्हणतो, 'विकू नकोस हां, आता असा पत्रा मिळत नाही.' दोघंही एकदम ठाम. गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीही कागद-पेन घेऊन बसलेलं नसतं. पहिल्या पक्षाला नव्या गाडीचा वास आवडतो, दुसऱ्याला जुन्या आठवणी. हिशेब मात्र कुणालाच आवडत नाही!

माझ्यावर तो करायची वेळ आली, कारण आमची गाडी २०११ च्या दसऱ्याची. बाबांनी घेतलेली, लाल रंगाची, १००० सीसीच्या आतली छोटी पेट्रोल हॅचबॅक. येत्या दसऱ्याला तिला पंधरा पूर्ण होतील. नंबरप्लेटवर एमएच ०४, म्हणजे ठाणे, कारण तेव्हा पालघर जिल्हा जन्मालाच यायचा होता. तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी आहे, राव!

पंधरा म्हणजे भंगार नव्हे

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात' हा नियम महाराष्ट्रात खासगी गाडीला लागू नाही. तो ऐकू येतो दिल्लीकडून. तिथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातली, आणि पुढे त्यावर बरीच कोर्टबाजी होत राहिली. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी दाखवायची, फिटनेस तपासून घ्यायचा आणि नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. अर्ज तारखेच्या आधी साठ दिवसांच्या आत करता येतो. तारीख उलटल्यावर गाडी रस्त्यावर काढलीत, तर मात्र ती बिननोंदणीची गाडी ठरते.

खर्च? नोंदणी वाढवायची फी आधी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. गाडी वीस वर्षांच्या पुढे गेली तर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार १०,०००. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. शिवाय १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट: चारचाकीला ७४५ रुपये आणि जीएसटी. आमची सगळी कागदपत्रं मिळून मी दहा हजार धरले. पाच वर्षांसाठी दहा हजार. महिन्याचे पावणेदोनशेही नाहीत. म्हणजे नुसत्या कागदांमुळे गाडी विकायचं कारण नाही.

आणि वयाचंच म्हणाल, तर मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मर्यादा भरली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. वीस वर्षं, तीही मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये! अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातसुद्धा रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय २०२४ मध्ये साडेबारा वर्षांच्या वर होतं. त्यामुळे 'जुनी गाडी म्हणजे गरिबी' हा फंडा डोक्यातून काढून टाका.

गाडी करते काय?

गाडी ठेवायची की नाही, हे गाडीकडे बघून ठरवायचं नसतं. तिच्या कामाकडे बघून ठरवायचं असतं. आमच्या लाल गाडीचं काम सांगते.

आई-बाबा सायवनला असतात. मुंबई-अहमदाबाद हायवेने चारोटी नाक्याला उजवीकडे वळायचं, कासा गाठायचं आणि तिथून उधव्याकडच्या रस्त्याला लागायचं. डहाणू तालुका, पण समुद्र आणि चिकूच्या वाड्या राहिल्या पश्चिमेला. हा पूर्वेचा, डोंगराकडचा भाग. पाडे एकमेकांपासून लांब, पाऊस धो धो, आणि मोबाइलची रेंज वाऱ्यावर अवलंबून. बाबा या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. रिटायर झाले ते इथेच घर बांधून राहिले. त्यामुळे गाडीला गावात 'गुरुजींची गाडी' एवढंच नाव आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा त्या थंडीत आई कित्येक रात्री गाडीच्या मागच्या सीटवर झोपली. घराच्या भिंतींपेक्षा गाडीचा पत्रा तिला भरवशाचा वाटायचा.

मी अंधेरीला नोकरी करते, बोरिवलीत भाड्याने राहते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या वेळी गाडी मी माझ्याकडे आणली. आठवडाभर ती उभी असते. ऑफिसला मी लोकलनेच जाते, कारण अंधेरीला गाडी नेणं म्हणजे स्वतःला शिक्षा! सोसायटीत जागा नाही, म्हणून बाहेर महिना २,००० रुपये भरून पार्किंग घेतलंय. एक वीकएंड सोडून एक, सायवनची फेरी. जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर. इकडचं-तिकडचं धरून वर्षाला साडेसहा हजार.

मेकॅनिकने यंदा यादी दिली: चार टायर १६,०००, सस्पेन्शन १०,५००, क्लच ९,०००, बॅटरी ४,५००, रबरी पाइप वगैरे २,०००. एकूण ४२,०००. आणि जुन्या गाड्यांच्या एका डीलरने गाडीची किंमत सांगितली ७५,०००. म्हणजे किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च! बहुतेक लोक इथेच 'काढून टाक' म्हणतात.

पण थांबा. ४२ हजारांची तुलना ७५ हजारांशी करून काही कळत नाही. ४२ हजार खर्च केले नाहीत, तर त्याऐवजी काय खर्च करावं लागेल, त्याच्याशी तुलना करायची.

चार पर्याय, एक वही

मी पाच वर्षांचा हिशेब मांडला, कारण नोंदणी पाच वर्षांनीच वाढते. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं. आणि एक गोष्ट मुद्दाम केली: गाडी ठेवली तर मिळू शकणारे ७५,००० रुपये मिळत नाहीत, म्हणून तेही 'ठेवण्याच्या' खर्चात घातले. हे लोक विसरतात. आपली गाडी फुकट वाटते, कारण तिचे पैसे केव्हाच देऊन झालेत. पण आज ती विकून पैसे येणार असतील, तर ती ठेवणं म्हणजे ती आज त्या किमतीला पुन्हा विकत घेणंच!

पर्याय पहिला, आहे तीच गाडी, आहे तशीच. यंदाचे ४२,०००, कागदांचे १०,०००, वर्षाला सर्व्हिसिंग १५,००० आणि विमा ३,०००. मध्येच एखादं मोठं काम निघणारच, त्याचे ३०,०००. आणि ते ७५,०००. बेरीज २ लाख ४७ हजार. मायलेज १५, म्हणून पेट्रोल २ लाख २७ हजार. पार्किंग १ लाख २० हजार. एकूण जवळपास ५ लाख ९५ हजार.

पर्याय दुसरा, नवी छोटी गाडी. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, सेसही गेला, तेव्हापासून या पर्यायाला पुन्हा जीव आलाय. ऑन-रोड सव्वापाच लाख धरले. जुनी विकून आलेले ७५ हजार आणि वरचे ५० हजार डाउन पेमेंट. चार लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता ८,४०० रुपये. म्हणजे चार लाखांचे पाच लाख चार हजार. सर्व्हिसिंग आणि विम्याचे ८८ हजार. पाच वर्षांनी गाडी अडीच लाखांना जाईल, असं मानून ते वजा केले. उरले ४ लाख ६७ हजार. मायलेज २२, पेट्रोल १ लाख ५५ हजार. पार्किंग तेवढंच. एकूण ७ लाख ४२ हजार.

पर्याय तिसरा, सहा वर्षं वापरलेली दुसरी छोटी गाडी, २ लाख ६० हजारांना. सुरुवातीची दुरुस्ती आणि नाव बदलायचा खर्च ३०,०००, सर्व्हिसिंग-विमा ९०,०००, शेवटी विकून १ लाख १० हजार परत. म्हणजे २ लाख ७० हजार. मायलेज २०, पेट्रोल १ लाख ७० हजार, पार्किंग. एकूण ५ लाख ६० हजार. म्हणजे आमच्या जुन्या गाडीपेक्षा ३५ हजारांनी स्वस्त! पण त्यासाठी आज हातात १ लाख ८५ हजार रोख हवेत, आणि घेतलेली गाडी चांगली निघायला हवी. आमच्या गाडीचं काय दुखतं ते मला पाठ आहे. परक्या गाडीचं दुखणं सहा महिन्यांनी कळतं.

पर्याय चौथा, गाडीच नको. लोकल, एसटी, शेअर जीप आणि अडीनडीला भाड्याची गाडी. माझा प्रवास वर्षाला १२,०००, भाड्याच्या सहा फेऱ्यांचे २१,०००. पाच वर्षांचे १ लाख ६५ हजार.

वाचलंत ना? १ लाख ६५ हजार! सगळ्यात स्वस्त गाडी म्हणजे नसलेली गाडी. शोरूममध्ये हे कुणी सांगणार नाही.

मायलेजचं गाजर

नवी गाडी खपवणाऱ्याचं आवडतं वाक्य म्हणजे, 'मॅडम, पेट्रोलमध्येच हप्ता निघेल.' निघतो का बघा. माझ्या साडेसहा हजार किलोमीटरवर पंधराऐवजी बावीसचं मायलेज मिळालं, तर वर्षाला वाचतात १४,५०० रुपये. म्हणजे महिन्याला बाराशे. हप्ता ८,४००. उरलेले बहात्तरशे कोण भरणार?

तुम्ही रोज ठाणे ते नवी मुंबई गाडीने जात असाल, वर्षाला वीस हजार किलोमीटर होत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मायलेज, सीएनजी, इलेक्ट्रिक हे सगळे शब्द खिशाला कळतात. जेवढे किलोमीटर जास्त, तेवढा गाडी बदलण्यात अर्थ. आठवडाभर झाकण घालून उभ्या असलेल्या गाडीला मायलेज कितीही असलं तरी फरक पडत नाही.

हां, पेट्रोलबद्दल एक गोष्ट मात्र जुन्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवायची. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२०. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. २०२३ पासूनच्या गाड्या त्याला धरून बनवल्यात. आधीच्या गाड्यांचं मायलेज थोडं घटतं, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं, आणि काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असंही सांगितलं. माझ्या यादीतले ते रबरी पाइपांचे २,००० त्यासाठीच. दोन हजारांत काम होत असेल तर त्याचं टेन्शन नको.

'स्वस्त' शब्दाची भीती

मग लोक गाडी का बदलतात? खरं सांगू? अर्धं कारण इंजिनात नसतं, लोकांच्या नजरेत असतं. टीमलीडने नवी एसयूव्ही घेतली की आपली हॅचबॅक अचानक खडखडायला लागते.

आपल्या देशाने याचा एक मोठा प्रयोग बघितलाय. नॅनो! जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली, तेव्हा अख्ख्या जगाने माना वळवल्या. लाखाची गाडी! मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली, आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कारणं बरीच होती, पण एक सगळ्यांना माहितीय: 'सगळ्यात स्वस्त' असं लेबल लागलेली गाडी दारात लावायला लोक तयार नव्हते. दुचाकीवरून उतरणाऱ्या कुटुंबाला स्वस्त गाडी नको होती, गाडी हवी होती.

तेव्हा स्वतःला एकदा विचारा: गाडी बदलण्याचं कारण गाडीत आहे की पार्किंगमध्ये? पार्किंगमध्ये असेल तरी हरकत नाही, हौसेला मोल नसतं. फक्त त्याला 'बचत' म्हणू नका.

रात्री दोनचा फोन

तर मग गाडी विकून टाकायची? वहीचा निकाल तरी तोच होता. मी बाबांना फोनवर आकडे वाचून दाखवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'आणि रात्री दोन वाजता काय करायचं?'

हा प्रश्न मुंबईत पडत नाही. बोरिवलीत रात्री दोनला फोनवर बोट फिरवलं की रिक्षा-टॅक्सी दारात. सायवनला तसं नाही. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यापुढचं कासा उपजिल्हा रुग्णालय, मग डहाणू. आणि केस गंभीर असली की पुढे सिल्वासा नाहीतर वलसाड, म्हणजे राज्याची हद्द ओलांडून. १०८ ची अॅम्ब्युलन्स आहे, आणि आधी फोन तिलाच करायचा, यात वाद नाही. तिच्यात ऑक्सिजन असतो, माहीतगार माणूस असतो. हॅचबॅक काही अॅम्ब्युलन्स नव्हे. पण फोन लागायला रेंज लागते, आणि अॅम्ब्युलन्स दुसऱ्या फेरीवर असली की वाट बघावी लागते. भाड्याची गाडी दिवसा मिळते. भर पावसात मध्यरात्री गाडीवाल्याला उठवावं लागतं, आणि तो उठेलच असं नाही.

गाडी सायवनला होती तेव्हा ती दोनदा बाळंतिणीला घेऊन गेली, एकदा सर्प चावलेल्या मुलाला आणि एकदा छातीत दुखायला लागलेल्या बाबांच्याच मित्राला. ही सगळी माणसं आज पाड्यावर हिंडती-फिरती आहेत. हे वहीतल्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग मी तोही रकाना काढला.

गाडी बदलली नाही, काम बदललं

गाडीचं खरं काम सायवनला होतं आणि गाडी उभी होती बोरिवलीत! महिना दोन हजार भाडं भरून! शुक्रवारी रात्री मी ती हायवेने न्यायची, रविवारी परत आणायची, की सोमवारपासून पुन्हा झाकण.

म्हणून पाचवा पर्याय: गाडी ठेवायची, पण सायवनला. मी डहाणू लोकलने जायचं. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. पुढे एसटी, नाहीतर बाबा स्टेशनवर घ्यायला येतात. ऑपरेशननंतर दिवसा ते मस्त गाडी चालवतात. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि ६५ च्या पुढच्यांनाही अर्धं, म्हणून मी, आई आणि बाबा तिघंही सवलतवाले!

हिशेब: पार्किंग शून्य. किलोमीटर साडेसहा हजारांवरून अडीच हजार, म्हणजे पाच वर्षांचं पेट्रोल ८७,५००. सर्व्हिसिंग थोडं कमी, माझा प्रवास ५०,०००. दुरुस्ती, कागद, ते ७५,००० धरून सगळे मिळून जवळपास ३ लाख ७० हजार. आहे तशी बोरिवलीत ठेवण्यापेक्षा सव्वादोन लाखांनी कमी. सेकंडहँड गाडी घेण्यापेक्षाही १ लाख ९० हजारांनी कमी. आणि गाडी अजिबात नसण्यापेक्षा साधारण दोन लाखांनी जास्त, म्हणजे महिन्याला ३,४०० रुपये.

हे ३,४०० रुपये कशाचे, ते आता नीट दिसतं. ते रात्री दोनच्या फोनचे आहेत. आई-बाबांच्या आणि पाड्यावरच्या चार घरांच्या. एवढे पैसे त्यासाठी द्यायचे का, हा प्रश्न उरतो. पण तो आता साफ, सुटसुटीत प्रश्न आहे. आम्ही 'हो' म्हटलं. निम्मे मी देते, निम्मे बाबांच्या पेन्शनमधून.

आणखी एक फायदा पैशांत मोजता येत नाही. आमच्या गाडीला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. २०१९ पासून नव्या गाडीला एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, २०२२ च्या सुरुवातीपासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग. आमची गाडी त्या सगळ्याच्या आधीची. आणि आमचा हायवे तो कसा, हे सगळ्या देशाला माहितीय. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. गाडी महागडी होती, तरी मागे बसलेल्या या दोघांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हा पहिला धडा: मागच्या सीटवरही बेल्ट! आणि दुसरा: पंधरा वर्षांच्या बिनएअरबॅगच्या गाडीची जागा ट्रकच्या रांगांमध्ये शंभरच्या स्पीडला नाही. महिन्यातून दोनदा मी त्या हायवेवरून जात होते, तिथे आता लोकलच्या खिडकीत बसून वाचत जाईन. खरं सांगायचं तर मला हाच सगळ्यात मोठा नफा वाटतो.

जर बाबांना हायवेने रोज जायचं असतं, तर मी हाच लेख उलटा लिहिला असता आणि दोन एअरबॅगची गाडी घ्या म्हणाले असते, जास्त पैसे जाऊन सुद्धा.

अर्थात रात्री दोनला सुरू न होणारी गाडी असून नसल्यासारखी. म्हणून मेकॅनिकच्या यादीतून टायर, बॅटरी, क्लच, ब्रेकची तपासणी यातलं काहीही कापायचं नाही. रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम यावर एक रुपयाही नाही. आठवड्यातून एकदा गाडी बाजारापर्यंत फिरवायची, म्हणजे बॅटरी उतरत नाही आणि पेट्रोल टाकीत पडून राहत नाही. टाकी अर्ध्याच्या खाली नाही. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, ते बघायचं. बाबा रात्री चालवत नाहीत, म्हणून पाड्यावरच्या एका पक्क्या लायसन्सवाल्या मुलाकडे दुसरी किल्ली. तो कंपनीची गाडी चालवतो, हात चांगला आहे. आणि एक नियम: या फेऱ्यांचं भाडं घ्यायचं नाही. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या फेरीला लागू होत नाही. शिवाय, गुरुजींच्या गाडीचं भाडं कसलं!

तुमची पाळी

तुमचं सायवन वेगळं असेल. कुणाचं सातारा, कुणाचं नुसतंच गोरेगाव ते बीकेसी. पण वही सगळ्यांची सारखीच. हे बघून घ्या:

१. वर्षाचे किलोमीटर लिहा, अंदाजाने नाही, मीटर बघून. सात-आठ हजारांच्या आत असाल तर मायलेजसाठी गाडी बदलू नका.

२. मेकॅनिकला गाडी उचलून खालचा पत्रा दाखवायला सांगा. क्लच, सस्पेन्शन, टायर बदलता येतात. चेसिसला गंज लागला असेल तर मात्र भावनांना आवर घाला. कोकणच्या पावसात राहिलेल्या गाडीचं हे आधी बघायचं.

३. आजवर घातलेले पैसे विसरा. 'गेल्या वर्षीच चाळीस हजार घातलेत' हे गाडी ठेवायचं कारण नाही. पुढच्या पाच वर्षांत किती जाणार, तेवढंच मोजा.

४. विकलीत तर नो क्लेम बोनस सोबत घ्या. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर विम्याच्या ओन डॅमेज भागावर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

५. जुनी ठेवलीत तर फुल विम्याचा हिशेब करा. गाडीची किंमतच ७५ हजार असेल तर थर्ड पार्टी पुरेसा होतो का, ते बघा. तो कायद्याने हवाच. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १००० सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ रुपये, जीएसटी वेगळा.

६. भंगारातच द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि सर्टिफिकेट घ्या. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते.

७. आणि सगळ्यात आधी, गाडीचं एक असं काम लिहा, जे दुसऱ्या कशानेच होत नाही. ते काम सापडलं नाही, तर गाडी विका आणि लोकलचा फर्स्ट क्लासचा पास काढा. वर पैसे उरतील. सापडलं, तर गाडी त्या कामाच्या जागी नेऊन ठेवा.

आरटीओची कामं आता आम्हाला वसईला, एमएच ४८ च्या ऑफिसात करावी लागतील. दसऱ्याच्या आधी साठ दिवस उघडतात, तेव्हा बाबांनी आत्तापासूनच फाइल करून ठेवलीय: आरसी, विमा, पीयूसी, सगळं पंच करून, शाळेच्या हजेरीपटासारखं. पहिल्या पानावर त्यांच्या मास्तरी अक्षरात लिहिलंय, 'मुदत: २०३१ पर्यंत.' अजून पास व्हायचीय, पण गुरुजींनी मार्क आधीच देऊन टाकलेत!